चौथ्या तोंडातून ग्रीस येईपर्यंत

देवाजी गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. त्यांचा जावई सायकलवरून इंदोऱ्याहून धरमपेठेत आला आणि फाटकाशीच उभा राहून म्हणाला, "बाई, मामाजी गेले. घरून सांगून या म्हटलं." मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. दम्यानं गेले, दुपारी जेवण झाल्यावर, फार त्रास झाला नाही, असं तो सांगत होता. या वयात अशी बातमी आली की आधी थकवा येतो, दुःख मागून सावकाश येतं… त्याला आता महिना होऊन गेला.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी नागपूरच्या सरकारी फिरत्या दवाखान्यात डॉक्टर होते. एक जीप, औषधांच्या दोन पेट्या, मी आणि चालक देवाजी. आठवड्यातले काही दिवस रामटेककडची धानाची गावं, काही दिवस भिवापूरकडची. पावसाळ्यात रस्ता म्हणजे चिखल आणि नाले. एरवी जीप मागच्या दोन चाकांवर चाले, तिथे चारही चालवावी लागत. गाडीचं सगळं काम देवाजी स्वतः करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. उंच, हडकुळा माणूस. बोलणं कमी. धम्मदीक्षेच्या दिवशी आपण दीक्षाभूमीवर होतो, एवढी एकच गोष्ट ते न विचारता सांगत.

जीपच्या पोटाखाली दोन लोखंडी शाफ्ट असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. एक मागच्या चाकांना फिरवतो, दुसरा पुढच्या. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सांधा असतो, त्याला ते 'क्रॉस' म्हणत. अधिकच्या चिन्हासारखा, चार तोंडांवर चार टोप्या आणि टोपीत सुयांसारखे बारीक रोलर. दर शनिवारी देवाजी पोतं अंथरून गाडीखाली शिरत, ग्रीस आत घेणारं निप्पल फडक्यानं पुसत आणि ग्रीसगन लावत. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबायचं, तेही हळूच, नाहीतर आतलं सील फुटतं. एकदा मला निघायची घाई होती. मी म्हटलं, "झालं ना आता, देवाजी?"

"तीन तोंडातून आलं, बाई. चौथं अजून उपाशी आहे."

मी हसले होते. ते हसले नाहीत.

एका उन्हाळ्याच्या शेवटी भांडारातून नव्या ग्रीसचा डबा आला. देवाजींनी बोटावर घेऊन चोळलं, तार ओढून पाहिली, मग ते पेल्यातल्या पाण्यात बुडवून ढवळलं. पाणी दुधासारखं झालं.

"हे चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस आहे, बाई. तिथं गरमी सोसते. पण पाण्यात विरघळते. क्रॉसमंधी हे भरलं आन् नाल्यात गाडी घातली, तर सुया गंजून जातीन. लिथियमचं मागवा. तुमी एक चिठ्ठी लिहून द्या, माझं कोनी ऐकत नाही."

"जुन्यातच हे थोडं मिसळून नाही का चालणार?"

"नाही. मानसायची जात मी मानत नाही, बाई, पन ग्रीसची मानतो. दोन जातीचे एका जागी घातले का दोनीही पातळ होऊन वाहून जाते."

लिहिते म्हटलं आणि लिहिली नाही. त्या दिवसांत गॅस्ट्रोची साथ होती. सकाळी निघून दिवेलागणीला परतायचे, पायांत गोळे यायचे. ग्रीससाठी चिठ्ठी… उद्या लिहू, परवा लिहू. पुढे देवाजींनी विचारलं नाही आणि मीही विसरले. त्यांनी कामठीच्या ओळखीच्या फौजी मेकॅनिककडून चांगल्या ग्रीसची एक लहान डबी आणली. ती एकाच शाफ्टला पुरली. तो त्यांनी पुढचा निवडला; मागच्याला भांडारातलंच भरावं लागलं. वर्षभर बहुतेक न फिरणाऱ्या शाफ्टला चांगलं ग्रीस काहून, असं ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मागचा बिघडाच्या आधी आवाज करते, सांगते. पुढचा मुका आहे."

मागचा त्या वर्षी सांगू शकला नाही. भादव्यात भिवापूरपलीकडच्या एका गावात आम्हाला एक बाळंतीण अडलेली सापडली. कौसल्या नाव, पहिलीच खेप, दोन दिवसांपासून कळा. तिला जीपमध्ये आडवं घातलं, सासू उशाशी बसली आणि आम्ही भिवापूरच्या दवाखान्याकडे निघालो. दुसरा नाला चढताना खाली खाडकन आवाज झाला, शाफ्ट पत्र्यावर आपटू लागला आणि गाडी थांबली. सकाळचे अकरा वाजले असतील. देवाजी चिखलात पाठीवर पडून गाडीखाली सरकले. मी कौसल्याचा हात धरून होते. खालून पान्याचा आवाज यायचा, मध्येच त्यांचा खोकला. गंजलेले बोल्ट सुटत नव्हते. तासाभरानं ते मागचा शाफ्ट अख्खा ओढून काढून बाहेर आले, चेहरा ओळखू येत नव्हता.

"आता पुढच्या चाकावर नेतो, बाई. तुमी तिले सांभाळा."

मागची चाकं नुसती घरंगळत होती. पुढच्या दोन चाकांनी ती जीप, आम्हाला सगळ्यांना, भिवापुरापर्यंत ओढत नेलं.

कौसल्या वाचली. मुलगी रडलीच नाही. तासभर आधी पोहोचलो असतो तर… डॉक्टरनं हे वाक्य बोलू नये, ते कधीच सिद्ध करता येत नाही. पण मी ते वीस वर्षं मनात बोलत आले.

मी बाहेर आले तेव्हा देवाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून तुटलेला क्रॉस पाहत होते. टोपीतून ताकासारखं पांढरं पाणी निघत होतं, सुया लाल झाल्या होत्या. मला दाखवून एवढंच म्हणाले, "पानी शिरलं." मग थोड्या वेळानं, जमिनीकडे पाहत, "ते डबी मागच्याले लावाले पायजे होती मी." मी तिथे बोलायला हवं होतं. चूक माझी, हे म्हणायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "चला, उशीर झाला." त्या रात्री घरी आल्या आल्या चिठ्ठी लिहिली. आठवड्यात ग्रीस आलं. एवढं सोपं होतं ते!

पुढे आम्ही बारा वर्षं सोबत फिरलो, त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही. दर शनिवारी मी त्यांना गाडीखाली पाहायची आणि दर शनिवारी वाटायचं, आज सांगावं. मग मी निवृत्त झाले, ते झाले, त्यांचा दमा वाढला. भेटायला दोनदा गेले. दोन्ही वेळा औषधांबद्दलच बोलले.

गेल्या आठवड्यात इंदोऱ्याला गेले. त्यांची बायको शेवंताबाई दारातच बसून तांदूळ निवडत होती. आत बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मागितलेली चिठ्ठी मी लिहिलीच नव्हती, त्यांनी उगाच सारं स्वतःवर घेतलं, हेही. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यायले माहीत होतं, बाई. ते भांडारात जाऊन विचारून आले होते ना. चिठ्ठी आलीच नाही म्हने."

"मग मला पुन्हा विचारलं का नाही?"

"मीबी तेच म्हटलं. काहून नाही विचारत गा, म्हटलं. तर म्हने, बाई गाडीतच बसल्या बसल्या झोपून राहिली आजकाल. तिले अजून काय सांगू?"

ती चहा टाकायला उठली. खोलीत देवाजींचा पलंग भिंतीपासून हातभर पुढे, तिरपा, खिडकीच्या तोंडाशी होता. दम लागला की हवा यावी म्हणून त्यांनीच तो तसा ओढून घेतला होता. येता-जाता तिला पलंगाला वळसा घालावा लागत होता. मागे सारू का, मी हात लावते, असं विचारलं. शेवंताबाईनं स्टोव्ह पेटवता पेटवता मान हलवली. "राहू द्या, बाई. सवय झाली."

मी त्या पलंगाच्या कडेवर बसले. खिडकीतून वारा येत होता. चहा होईपर्यंत माझा डोळा लागला.