माझ्या नलूच्या बाई

इंदूबाई गेल्याची बातमी आणली ती नंदनवन कॉलनीतल्या त्यांच्या शेजारणीनं. मी मागाच्या कांड्या भरत होते आणि नलू माझ्याजवळ बसून सुताची लड सोडवत होती. "सकाळीच गेल्या वं त्या," शेजारीण दारातूनच म्हणाली. माझा चरखा थांबला. वाईट वाटायच्या आधी मनात जे आलं ते लिहूनच टाकते... आता नलू माझी एकटीची झाली. महिना झाला त्याला. बाईंवर कोणीतरी लिहायला हवं असं सगळे म्हणतात, म्हणून मी सातवी शिकलेली बाई लिहायला बसले. मी लिहिलं तर निदान खोटं कौतुक तरी येणार नाही, कारण त्या बाईंचा मी चौदा वर्षं हेवा केला आहे.

नलू माझी तिसरी. पाच वर्षांची होईपर्यंत तिच्या तोंडून धड शब्द निघाला नाही. सातव्या वर्षी नगरपालिकेच्या शाळेत घातली, तर पहिलीतच दुसरं वर्ष सुरू झालं. एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की हिचं नाव काढून घ्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला मतिमंद मुलांची शाळा निघाली आहे, तिकडे घाला. मी व्हरांड्यातच आवाज चढवला. "माही पोरगी येडी आहे का? काहून काढता तिचं नाव?" तेही चिडले. साठ पोरांच्या वर्गात एकीसाठी किती थांबायचं, म्हणाले. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी बजावलं की सोमवारी हजेरीपटात हिचं नाव नसेल. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. इतक्या लांब तिला रोज कोण नेणार? चार दिवस जाईल आणि मग कायमची आमच्या मागच्या खोलीत बसेल, बिनकामाची, पाहुणे आले की आत ढकललेली.

तेवढ्यात पहिलीच्या वर्गातून इंदूबाई बाहेर आल्या. हाताला खडू लागलेला, पदर खोचलेला. म्हणाल्या, "सर, सोमवार राहू द्या. आठ दिवस तुम्ही दोघंही माझ्या वर्गात बसा, रोज एक तास. बोलायचं नाही, नुसतं पाहायचं. मग खुशाल भांडा." पुढे कळलं की शाळेत पालक आणि मास्तर असे भिडले की बाई हेच करत. ऑफिसात बोलणी होऊच द्यायच्या नाहीत. दोघांनाही त्या मुलाच्या मागे टाटपट्टीवर बसवायच्या.

बसलो आम्ही. हेडमास्तर गुडघे छातीशी घेऊन एका बाजूला, मी नलूला चिकटून. आणि माझी चूक तिथेच झाली. आमच्या विणकरांच्या घरात ताण्याचा धागा तुटला की लगेच गाठ मारतात, कापड घेणाऱ्याच्या नजरेला पडायच्या आत. मी तेच केलं. नलूचं अक्षर वाकडं गेलं की पदराआडून तिचा हात धरून सरळ करायचं, तिनं पाटी उलटी धरली की झटकन फिरवायची. तीन दिवस हेडमास्तरांना दिसलं ते सगळं मी केलेलं. मला वाटत होतं, बाजी मारली.

चौथ्या दिवशी बाईंनी मला उठवून आपल्या खुर्चीमागे बसवलं. मी दिसेनाशी झाल्यावर नलूनं हंबरडा फोडला. मी अर्धी उठले, तर बाईंनी न वळता हातानंच मला खाली बसवलं. त्या वेळी त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पोरगी रडून रडून थांबली. नाक पुसलं. बाईंनी तिच्या ओंजळीत चिंचोके घातले आणि त्या दुसऱ्या मुलांकडे वळल्या. नलू बराच वेळ नुसती बसून राहिली. मग उठली आणि ओळीतल्या एकेका पोरापुढे एकेक चिंचोका ठेवत गेली. एकाला दोन नाहीत की कोणी सुटला नाही. शेवटच्या दोघी उरल्या आणि चिंचोके संपले. तेव्हा ती बाईंजवळ आली, रिकामा हात पुढे केला आणि म्हणाली, "अजून."

हेडमास्तर टाटपट्टीवर सरळ होऊन बसले. मला खरं तर आनंदानं रडू यायला हवं होतं. पण झोंबलं. माझ्याकडे तिला कधी काही मागावंच लागलं नव्हतं. मागायच्या आधीच मी देत होते. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं ते दुसऱ्या बाईकडे.

आठव्या दिवशी बोलणी झाली तीही त्याच वर्गात, शाळा सुटल्यावर. बाईंची अट एकच होती, आपलं म्हणणं मांडायचं नाही, समोरच्याचं मांडायचं. मला साठ पोरं, एक बाई आणि मागे पडणारा वर्ग हे सगळं हेडमास्तरांच्या वतीनं सांगावं लागलं. सांगता सांगता माझा आवाज आपोआप उतरला. मग हेडमास्तर खाली बघत म्हणाले, "हिच्या मायले भीती आहे, की इथून काढली का पोरगी घरातच कोंडल्या जाईन." मी हे त्यांना कधी बोललेच नव्हते. नाव राहिलं. दिवसभर नलू सगळ्यांबरोबर बसेल, शाळा सुटल्यावर बाई तिला तासभर वेगळं शिकवतील आणि दिवाळीनंतर तिघं पुन्हा बसून पाहतील, असं ठरलं. मला मात्र एक अट होती. फाटकापर्यंत सोडायचं आणि परत फिरायचं.

त्या फाटकानं मला जाळलं. घरी आली की नलूच्या तोंडी एकच, बाई म्हणते. बाई म्हणते एकच वेणी घालायची. बाई म्हणते आपला डबा आपणच उघडायचा. मी मुद्दाम दोन वेण्या घातल्या, तर तिनं एक सोडून ठेवली. एकदा मी तिला घरीच ठेवलं आणि ताप आहे असा निरोप धाडला. संध्याकाळी बाई दारात हजर. नलू अंगणात उड्या मारत होती. तिच्याकडे एकदा पाहून बाई मला म्हणाल्या, "ताप कोणाले आहे, नलूले का तुम्हाले?"

"माही लेक आहे ते, बाई," मी म्हणाले.

"हो ना. मी कुठं माही म्हणून राहिली?" त्या हसून म्हणाल्या आणि चहा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मी नलूला शाळेत सोडलं. पण त्या हसण्याचा राग काही गेला नाही.

नलू चौथीपर्यंत शिकली. आज घरचं सूत तीच सोडवते, दुकानातून सामान आणते, कमी दिलं तर दुकानदाराशी भांडते. हे सगळं बाईंचं, असं वस्तीत लोक म्हणत आणि मी तोंडदेखली मान हलवत असे. बाई निवृत्त होऊन नंदनवनात राहायला गेल्या, तरी दर रविवारी नलू त्यांच्याकडे जायची. माझ्या रविवारी मी एकटी.

बाई गेल्यावर चार दिवसांनी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. बाया जमल्या होत्या आणि प्रत्येक जणी आपल्याच पोरावर बाईंचा कसा जीव होता ते सांगत होती. तिथेही मी मनात म्हटलं, जा बापा, नलूइतका कोणावरच नव्हता! बाईंची लेक मंगल मला आत घेऊन गेली. पाणी दिलं आणि एकदम म्हणाली, "काकू, तुम्हाले राग येईन, पण लहानपणी मले तुमची नलू अजिबात आवडत नव्हती. आमची शाळा सुटायची, आम्ही दोघं भावंडं कुलपापाशी बसून राहायचो. आई तिच्यापाशी असायची. मी आईले म्हणायची, तिले माय नाही का?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझंच कोणी काहीतरी नेलं. आणि इथे या पोरीची आई रोज तासभर माझ्या लेकीपाशी थांबत होती. मंगलचा हात धरून मी एवढंच म्हणाले, "होती गं माय... फाटकाच्या बाहेर होती."

परत येताना रिक्षात नलू रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, बाई बाई करत. रिक्षावाला वळून बघत होता. एरवी तिच्या तोंडून तो शब्द निघाला की मी काहीतरी दुसरं काढायची, खाऊ द्यायची, दटावायची. त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "नलू, बाई काय काय म्हणायच्या वं?" ती हुंदके देत एकेक सांगत राहिली. वस्ती आली, ती थांबली आणि डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "अजून."