मागावरची जरीची मुंगी

मंडळी, आज सकाळी बेळगावात, वडगावच्या आमच्या घरी, मागाच्या लाकडावर एक काळी मुंगी दिसली. तिचा मागचा भाग सोन्यासारखा चमकत होता.

माग चालवता चालवता आक्का म्हणाली, “जरीचा तुकडा चिकटलाय गं तिला, सोडव की.” विणकराच्या घरात चमकेल ते जरीचंच.

मी मऊ ब्रशनं हळूच झाडलं. निघेना. मग कापडाचे धागे मोजायच्या भिंगातून बघितलं, तर ती तिच्याच अंगावरची सोनेरी लव.

मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “सुतार मुंगी, मुंगळ्याच्या भावकीतली. नाव कॅम्पोनोटस सेरिसियस. सेरिसियस म्हणजे रेशमी.”

आक्काला सांगितलं, तर माग बंद करून लई हसली. “मग आपल्यातलीच की. ऱ्हाऊ दे हितंच.”

तुमच्या घरात कोण कोण राहतंय, कधी वाकून बघितलंय का?