बेबाबाईचं कोवळं ऊन

असोद्यात कुणी बाळंत झालं की पहिला निरोप बेबाबाईला. माझी शेजारीण. तोंडानं फटकळ, पण हात असा मऊ की रडकं पोर गप्प व्हायचं. तेल चोळून झालं की अंगणात कोवळ्या उन्हात पायांवर घ्यायची. "खा रे लेकरा ऊन, हाडं लोखंडाची व्हतील!" माझीही सगळी पोरं तिनंच न्हाऊ घातली.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत तिची लेक सुमन भडगावहून पहिल्या बाळंतपणाला आली. पोरगा अडला, गार पडला, उशिरा रडला. पण जगला! मग त्याच्या पाठीवर कडक, लालसर गाठी आल्या. "थंडीनं आल्या, ऊन लागलं का विरतील," बेबाबाई म्हणाली. नातवाला दुप्पट ऊन दिलं, वर दुकानातलं कॅल्शियमचं टॉनिक. नुसता जीव ओतला बाईनं.

गाठी मऊ पडल्या, पण पोर वाळत चाललं. दूध ओकायचं, शी होईना. बेबाबाईनं टॉनिक वाढवलं.

शेवटी जळगावला नेलं. सुमन पोराजवळ होती; रक्त तपासून डॉक्टरांनी बेबाबाईला अन् मला बाहेर बोलावलं. "त्या गाठी म्हणजे थिजलेली चरबी. अशा बाळाच्या रक्तात कॅल्शियम वाढतं. ऊन अन् टॉनिकनं ते आणखी चढलं. तुमचा दोष नाही आजी, आजारच क्वचित होणारा."

सलाईन लावलं, पण मूत्रपिंडं गेली होती. पोर गेलं.

सुमन आईच्या गळ्यात पडली. "माय, तू व्हती म्हनून इतकं तरी जगलं." बेबाबाईनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं आम्ही दोघींनी पोटातच ठेवलं.

त्यानंतर तिनं कुणाचं पोर न्हाऊ घातलं नाही. बाईला माज आला, असं गाव म्हणालं. मेल्यांना काय ठाऊक!

पुढे सुमनला मुलगी झाली, धडधाकट. तिनं अंगणात तेलाची वाटी ठेवली. "माय, हिले बी त्याच्यासारखंच घे उन्हात."

बेबाबाईनं नातीच्या पाठीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. गाठ नव्हती. तरी ती सूर्याकडे पाठ करून बसली.

"ऊन लागू दे ना तिले!" सुमन हसली.

तेव्हा बाईला राहवलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं तिनं लेकीला सांगून टाकलं. मला तर वाटलं, जमीन फाटावी.

सुमननं आईच्या पायांवरून पोरगी उचलली अन् घरात निघून गेली.

बेबाबाई तशीच पाय पसरून उन्हात बसून राहिली.