सरळ बघणारे डोळे

डिजिटल चित्रकलेच्या वर्गात काल मी काढलेलं माझंच चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लागलं. प्रत्येकानं त्यावर मत द्यायचं होतं. रंग छान, केस छान, असं चाललेलं असताना शेजारी बसणारी मृणाल म्हणाली, "डोळे तुझे नाहीत गं. तू कुणाकडे इतकं सरळ बघतच नाहीस."

मला राग आला. घरी येऊन मी बुबुळं तीनदा पुसली, पुन्हा काढली, पण दर वेळी ती समोरच बघत राहिली. आरशात आपण स्वतःकडे नेहमी सरळच बघतो; आपली चुकवलेली नजर दुसऱ्यालाच दिसते. मृणालनं ती वर्षभर पाहिली असणार.

उद्या तिनं काढलेल्या तिच्याच चित्रावर मला बोलायचं आहे, आणि काही केल्या तिचे डोळे आठवत नाहीत.