हिला दाखवायचंय

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. ज्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायला दर आठवड्याला परभणीला जातो, त्यांनाही नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, घराबाहेर कोणाला माहीत आहे का? मी म्हणालो, गावाला सगळं माहीत आहे. ते तसं खोटंही नव्हतं. गावाला माहीत होतंच — फक्त उलटं.

तर ऐका. मी पिंगळीला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, आणि माझा स्वभाव जरा — 'जरा' तरी कशाला म्हणू? घरी पाहुणे आले की लोक पाणी देतात. मी आधी त्यांच्या चपला मापाप्रमाणे लावतो. सुमनने — म्हणजे माझ्या बायकोने — वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घालतो. भाकरी एका बाजूने जाड झाली की जेवण राहतं बाजूला, व्याख्यान सुरू होतं. याला मी शिस्त म्हणायचो. घरातले काय म्हणायचे, ते मी कधी विचारलं नाही.

मग पुतण्याच्या लग्नात मी पंगत थांबवली. का? पत्रावळ्या एका रेषेत नव्हत्या. लोक बसलेले, वाढपी उभे, आणि मी सुतळी शोधतोय. भात गार झाला, नवरीचा मामा उपाशी उठून गेला, त्याच्यामागे अर्धी पंगत उठली, तरी मला वाटत होतं की चूक सुतळी न आणणाऱ्याची. घरी आल्यावर सुमन शांतपणे म्हणाली, "तुमी दवाखान्यात चलताव का मी राणीसावरगावला जाऊ?" राणीसावरगाव तिचं माहेर. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना विचारून दवाखान्याचा पत्ता तिनेच काढून ठेवला होता, आणि पिशवीही भरून ठेवली होती. सांगायला लाज वाटते, पण माझं लक्ष पिशवीतल्या साड्यांच्या घड्यांकडे होतं.

गेलो. म्हणजे निघालो. परभणीच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर उभे होतो, तर आमच्याच शाळेचे कदम सर भेटले. कुठं निघालात? काहीही सांगता आलं असतं — बाजार, बँक, कोणाच्या लग्नाचा बस्ता. पण तोंडातून निघालं, "हिला दाखवायचंय."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि खोकली. बिचारीला वाटलं, खोकल्यावर भागेल.

नाही भागलं. परतताना, परभणीलाच आलेल्या कदम सरांनी आम्हाला मानसोपचाराच्या पाटीखालून बाहेर पडताना पाहिलं. पुढचं गावाने आपल्या मनानेच जोडून घेतलं, आणि मी ते जोडू दिलं.

आत काय झालं तेही सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यवस्थितपणा म्हणजे आजार नव्हे. पण स्वभाव इतका ताठ झाला की दुसऱ्याचं काहीच पटत नाही, माणसं दुरावतात, आणि आपल्याला तर वाटत राहतं की आपणच बरोबर — तर त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. त्याला वेड म्हणत नाहीत. त्यावर मुख्य उपाय म्हणजे बोलणं, चिकाटीने, बरेच दिवस. मी त्यांना मध्येच थांबवून टेबलावरचा पेपरवेट मधोमध ठेवला. सुमन हसली. किती दिवसांनी हसली होती ती! पहिला गृहपाठ मिळाला: घरातलं कॅलेंडर तिरकं टांगा आणि हात लावू नका. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. पण हळूहळू फरक पडला, खरंच पडला. आता भाकरी कशीही असो, मी खातो. डोळे मिटून का होईना.

आणि तिकडे सुमनचं काय चाललं होतं? लोक तिच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागले, जणू तिला ऐकूच येत नाही. शेजारच्या गयाबाईंनी तिच्यावरून लिंबू उतरवून टाकलं. मी अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस — दारात उभा राहून बघत होतो. लिंबू नीट मधोमध कापलेलं नाही, एवढंच मनात आलं. सुमनने एकदाच विचारलं, "कवा सांगताव?" आधी बरा तर होऊ दे, असं मी म्हणालो.

आता मुख्य गोष्ट. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या विहारात वंदना सुमनच सांगायची. पांढरी साडी नेसून पुढे बसायची, ती सुरू करायची आणि सगळे तिच्यामागून म्हणायचे. साऱ्या जगात त्या एकाच जागी मी तिची चूक काढली नव्हती. जयंतीच्या आधी मंडळातल्या बाया घरी आल्या. त्यांचं बोलणं प्रेमाचंच होतं. "सुमनताई, औंदा तुमी आराम करा. मधीच काई झालं तर?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. स्टेशनवर पाहिलं होतं, तसंच. मी चहाच्या कपांचे कान एका दिशेला करत होतो.

जयंतीला दुसऱ्या बाईने वंदना सांगितली आणि मध्येच अडखळली. मागच्या रांगेत सुमन ओठातल्या ओठात पुढचे शब्द म्हणत होती. आणि मग — इतका वेळ टाळत होतो ते हेच — माझं नाव पुकारलं. आजारी बायकोला इतकं जपतो म्हणून माझा सत्कार. कदम सरांनी भाषण केलं, नवरा असावा तर असा. अंगावर शाल घातली, माईक हातात दिला. एका वाक्याचं तर काम होतं: आजारी मी आहे. मास्तर माणूस मी, एवढं वाक्य येत नव्हतं का मला? मी काय केलं? शाल एका बाजूला जास्त लोंबत होती, ती दोन्हीकडून सारखी केली आणि म्हणालो, "कर्तव्यच आहे माझं."

टाळ्या वाजल्या. सुमननेही वाजवल्या.

कॅलेंडर अजून तिरकंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुम्ही बरेच सुधारलात. पौर्णिमेला आम्ही विहारात जातो आणि सुमन मागच्या रांगेत बसते. सकाळी भाकऱ्या थापताना मात्र ती वंदना म्हणते, मोठ्याने, मोकळ्या आवाजात. माझी चाहूल लागली की थांबते.