दादाने स्वतः टाकलेलं लिनक्स

धर्मेश भोईर शिकलाय नववी. पण जळकी मोटार वाइंडिंग करून पुन्हा पळवायची, तर अख्ख्या उल्हासनगरात त्याच्यासारखा माणूस नाय. हे तोच सांगतो आणि खोटं नाय सांगत. धाकट्या भावाला, कल्पेशला, इंजिनियर पण त्यानेच केला. तेही तोच सांगतो. गिऱ्हाइकाला, रिक्षावाल्याला, चहावाल्याला तर रोज.

कल्पेश आता हैदराबादला. आई गेल्यापासून चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगीत धर्मेश एकटाच. दोन बेडरूम, त्यातली आतली कल्पेशची, तिला कायम बाहेरून कडी.

गणपतीला आला तेव्हा कल्पेश म्हणाला होता, "दादा, दुकानाला लॅपटॉप घे. विंडोज नसलेला घे, मी येऊन त्याजागी फुकटातलं लिनक्स टाकून देतो." जाताना लिनक्स भरलेला पेनड्राइव्हसुद्धा ठेवून गेला. धर्मेशने लगेच लॅपटॉप आणला आणि दुकानात खोक्यातच ठेवला. भाऊ येणार आहे ना, मग आपण कशाला हात लावायचा?

दिवाळी गेली, नाताळ गेला. कल्पेशचं आपलं "पुढच्या महिन्यात नक्की." शेवटी एकदाचा फोन आला, तिकीट काढलंय, रविवारी पोचतो. धर्मेशने त्याच दिवशी त्याच्या खोलीची कडी काढली, गादीला ऊन दाखवलं, कोळणीला मोठे पापलेट सांगून ठेवले.

शुक्रवारी शेजारचा मोबाईल कव्हरवाला सिंधी महेश दुकानात येऊन टेकला. खोक्यावर टिचकी मारून म्हणाला, "धर्मेशभाऊ, तुम्हारा इंजिनियर कब से आ ही रहा है! माल सडेल ना. मेरे को दे, मैं टाकून देतो."

"तू टाकणार? कव्हर विक तू कव्हर!" धर्मेश उसळला. "आणि माझा भाऊ येतोय रविवारी. नसता आला, तरी त्याचा दादा बसलाय इथे!"

तिथेच खोका फोडला. पेनड्राइव्ह लावला, तर मशीन त्याला ओळखच देईना. धर्मेश हटला नाय. मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत सेटिंगमध्ये घुसला आणि मशीन चालू होताना पेनड्राइव्हला पहिला नंबर दिला. मशीनने भाषा विचारली, याने मराठी ठोकली. सगळं चढलं, पण वायफायचं चिन्हच गायब. महेश हसायला लागला. धर्मेशने फोन केबलने जोडला, फोनचं नेट मशीनला दिलं, वायफाय चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम उतरवला, मशीन बंद करून चालू केलं. कोपऱ्यात वायफायच्या रेघा उभ्या राहिल्या.

"वडी, कमाल है!" महेश म्हणाला.

धर्मेशने लगेच कल्पेशला व्हिडिओ कॉल लावला, मोठ्या आवाजात. "बघ रे! वायफायसकट! कोणी केलं? तुझ्या दादाने!"

"काय सांगतो दादा! वायफायला तर मी पण अडकलो असतो." कल्पेश मनापासून हसला. मग म्हणाला, "बरं झालं रे. ऑफिसात काम अडलंय, साहेब सोडत नव्हता. तुझं मशीन पडून आहे म्हणून निघणार होतो. आता तिकीट कॅन्सल करू?"

महेश बघत होता. मशीन गेलं खड्ड्यात, तू ये, एवढंच धर्मेशला बोलायचं होतं.

"कर ना कॅन्सल," धर्मेश म्हणाला. "इथे काय अडलंय तुझ्यावाचून?"

संध्याकाळी लॅपटॉप घरी आणला. वायफाय बंद पडलं असं सांगावं, असं मनात आलं. फोन लावलासुद्धा.

"बोल दादा. अडकलं का कुठे?"

"अडकतो काय मी! एकदम टकाटक चाललंय. जेवलास का, तेवढंच विचारायला केला."

"नाय अजून. तू?"

"मी कधीच," धर्मेश म्हणाला. कुकर अजून लावायचा होता.

मग तो लॅपटॉप सजवत बसला. खालची पट्टी डावीकडे नेली, अक्षरं मोठी केली, मागे आईचा मिठागरावरचा फोटो लावला. सेटिंगमध्ये दिसलं, एका मशीनवर दुसऱ्या माणसालाही जागा देता येते. त्याने नाव टाकलं, कल्पेश. पासवर्ड काय ठेवायचा ते मशीनने विचारलं. खाली एक पर्याय होता, तो माणूस पहिल्यांदा येईल तेव्हा पासवर्ड त्याने स्वतःच ठरवायचा. धर्मेशने तोच निवडला.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर दोन नावं आली, धर्मेश आणि कल्पेश. कुठल्याच नावावर न दाबता त्याने मशीन तसंच चालू ठेवलं. मग उठून कल्पेशच्या खोलीला पुन्हा बाहेरून कडी घातली.