मखमलीचा दिवाणखाना

आपल्या घरात झुंबर असावं, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही. तो सरकारी कचेरीत होता आणि घराच्या सजावटीबद्दल त्याचं एकच मत होतं: खाली सतरंजी, वर पंखा, बाकी सगळा धुळीला आसरा. मीही त्याच्या मताने संसार केला. भांडले असते तर ऐकलं असतं त्याने, पण भांडायला वेळ कुणाला होता?

झुंबराचं खूळ डोक्यात शिरलं ते जळगावात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील मला पारोळ्याहून एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी घेऊन गेले होते. आम्ही दारातच उभे होतो. आत लाल मखमली पडदे, माणसाएवढा आरसा आणि छताला लोलकांचं झुंबर. लोडाला टेकून माणसं बसलेली, कुणी उठतंय, कुणी येतंय, चहा फिरतोय, हसणं चाललंय. माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की असा दिवाणखाना असला की घरात माणसं येतात. ती माणसं कापसासाठी येत होती, झुंबरासाठी नाही, हे कळायला मला जवळजवळ साठ वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. मुलगी पुण्यात असते, रविवारी व्हिडिओ कॉल करते. धुळ्यातलं आमचं बैठं घर तसं मोठं नाही, पण समोरचा हॉल चांगला ऐसपैस आहे. संध्याकाळी दिवा लावला की त्या हॉलमध्ये मी आणि स्वयंपाकघरातून येणारा फ्रिजचा आवाज, एवढेच उरायचो. मला माणसं हवी होती. सरळ सांगते, दुसरं काही नको होतं.

म्हणून गेल्या दिवाळीआधी मी कंबर कसली. जळगावला जुन्या लाकडी सामानाच्या दुकानात चार खेपा केल्या. पाडलेल्या घरांमधलं सामान तिथे येतं. सागवानी कोच मिळाला, त्याला हिरवी मखमल चढवली. कोरीव चौकटीचा आरसा मिळाला, कडेने जरा डागाळलेला, पण त्यात आपला चेहरा उगाच खानदानी दिसतो. हे सगळं टेम्पोने आलं. झुंबर मात्र मी कुणाच्या हवाली केलं नाही. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "अक्का, काय शे ह्यामा?" म्हटलं, झुंबर. "घरमा लगीन शे का?" मी हो म्हणाले. त्याने मला पुढची सीट मोकळी करून दिली. एकटी बाई स्वतःसाठी झुंबर नेते आहे, हे त्याला सांगायची माझीच छाती झाली नाही.

लाल पडदे टांगले, गालिचा अंथरला, झुंबर लावलं. खानदेशातल्या उन्हात मखमल म्हणजे हौसेला मोल नाही म्हणतात त्यातलाच प्रकार, बसलं की पाठ भिजते. पण हॉल दिसत होता मात्र असा की मीच दारात थबकायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, भारीच झालंय," आणि लगेच, "पण तू वेळेवर जेवतेस ना?" गल्लीतल्या बायका बघायला आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. मी आत या म्हणत होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, त्या म्हणाल्या, "पाय भरेल शेतस, अक्का. आम्ही आठूनच देखतस." भरल्या पायांनी उंबऱ्यातूनच मोबाइलवर फोटो काढले, कौतुक केलं, गेल्या. मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या आत आल्या नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते पापडांच्या वेळी.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापडांची पाळी असते. आज एका घरचं उडदाचं पीठ, उद्या दुसऱ्या. सगळ्या बायका स्वयंपाक उरकून आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. पीठ कुणाचंही असो, लाटायचं ठिकाण कैक वर्षं आमचाच हॉल. मोकळी थंड फरशी, त्यावर जुन्या साड्या पसरायच्या, पंखा बंद, कारण वाऱ्याने पापड वाळून वाकडे होतात. घामाघूम होऊन सगळ्या जगाची उणीदुणी काढायची आणि मधे मधे कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या. नवरा तेवढे दिवस बाहेर ओट्यावर बसायचा. तो गेला त्या उन्हाळ्यातही बायका आल्या होत्या. त्या आठ दिवसांत मी पोटभर जेवले होते.

यंदा मी चैत्र लागल्यापासून वाट बघत होते. नवे कप काढून ठेवले होते. एका दुपारी आजींची सून वाटीत लाट्या आणि तेल घेऊन दारात आली. म्हणाली, "अक्का, आमच्याकडे चाललंय लाटणं. तुम्हाला लाट्या आवडतात म्हणून आणल्या." म्हटलं, कधीपासून? म्हणाली, चार दिवस झाले. म्हटलं, मला बोलावलं नाही? ती बिचारी गोंधळली. "तुमच्या घरात एवढं छान केलंय, पीठ सांडलं असतं."

मी वाटी ठेवली, पोळपाट-लाटणं उचललं आणि तिच्यामागे गेले. बोलावण्याची वाट बघण्याचं माझं वय गेलं. त्यांच्या छोट्या खोलीत सात जणी दाटीवाटीने बसल्या होत्या. मला बघून लाटणी थांबली. मग एकीने उठून प्लॅस्टिकची खुर्ची पुसून पुढे केली. "खाले पीठ लागी तुमना साडीले," आजी म्हणाल्या. मी खाली बसायला जागा शोधली, पण कुणी सरकलंच नाही. मी खुर्चीवर बसले. चहा मला बशीसकट आला, त्यांना नुसत्या कपात. माझं पोळपाट मांडीवर तसंच राहिलं.

शेवटी मीच म्हणाले, उद्यापासून माझ्याकडे लाटू या. सगळ्या आजींकडे बघायला लागल्या. आजींनी हातातला पापड पुरा केला, साडीवर टाकला आणि म्हणाल्या, "तुमनं घर आते देखाले चांगलं शे, अक्का. बसाले नही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दोन घेऊन चार दिले असते. घरी आले आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाल्या बाईला हाताशी धरून गालिचा गुंडाळला, कोच मागच्या खोलीत ढकलला, पडदे काढले. झुंबर तेवढं राहू दिलं, ते कुणाच्या पायात येत नाही. फरशी दोनदा पुसली, पेटीतल्या जुन्या साड्या काढून पसरल्या आणि अकराच्या सुमाराला सांगायला गेले. आजी अंगणात बाजेवर पापड उलटत होत्या.

"बठ्ठा पापड लाटाई ग्यात, अक्का," त्या म्हणाल्या. "कालदिन शेवटला घर व्हतं. आते पुढला सालले."

शेवटच्या घरचेही पापड कालच लाटून झाले होते. मी बरं म्हणाले. पुढचा उन्हाळा यायला अजून अकरा महिने होते, आणि हॉल पुसून तयार होता.